पोतडीचा हिशेब

नेरच्या बाजारपेठेतील एका किराणा-भुसार दुकानात दिवाळीपूर्वीची साफसफाई चालली होती. धान्याच्या कोठ्या बाजूला सरकवून भिंती झाडल्या गेल्या, तराजूच्या पारड्यांना चिंचेचा हात फिरला आणि शेवटी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरविण्यात आली. पेटीत लाल कापडी पुठ्ठ्याच्या जुन्या खतावण्या होत्या आणि त्यांच्यामध्ये एक दोनशे पानी साधी वही. वहीवर '१९९९' असे लिहिलेले. आत जमा आणि नावे असे दोन नेटके रकाने आखलेले. नोंदी मात्र चमत्कारिक होत्या. 'आखूड तलवार, ४ नग.' 'जखमेचे औषध, ७ कुप्या.' 'रत्नहार, १. येथे भाव पडला आहे. पुढच्या सरायीत विकणे.'

"हा कोणत्या गिऱ्हाइकाचा हिशेब?" वहिनींनी विचारले.

थोरल्या बंधूंनी वहीवरची धूळ झटकली आणि ते हसले. "हे गिऱ्हाईक उद्या पुण्याहून येणार आहे."

यवतमाळहून अमरावतीकडे जाताना लागणारे हे नेर, कागदोपत्री नेर परसोपंत, कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या जिवावर चालणारे तालुक्याचे गाव. येथील दुकानदारीचे गणित पिकाशी बांधलेले असते. पेरणीच्या वेळी माल उधारीवर जातो आणि कापूस घरात आला की वसुली होते. वडिलांनी उभे केलेले हे दुकान १९९३ साली अचानक थोरल्याच्या हाती आले. वडिलांचे अर्धे अंग लुळे पडले. थोरला तेव्हा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होता. त्याने पुस्तके आवरून ठेवली आणि गादीवर बसला. त्याची इच्छा कोणी विचारली नाही, त्यानेही कोणाला सांगितली नाही. सहा वर्षांनी लहान असलेला धाकटा पुढे अमरावतीला अभियांत्रिकी शिकायला गेला. त्याचा खर्च दर महिन्याला दुकानातून जाई.

१९९९ मध्ये हिशेबासाठी दुकानात संगणक आला. हिशेब त्याच्यावर चढायला वेळ लागला. खेळ मात्र लगेच चढला. सुटीत घरी येताना धाकट्याने पाच तबकड्यांचा एक संच आणला होता. खेळाचे नाव 'बाल्डर्स गेट'. कॅनडातील एडमंटन येथे वैद्यकीय पदवीधरांनी स्थापन केलेल्या 'बायोवेअर' या कंपनीने तो १९९८ च्या अखेरीस बाजारात आणला होता. रात्री दुकानाचे शटर अर्धे ओढले की दोघे भाऊ त्या पडद्यासमोर बसत. वीज केव्हाही जाई. म्हणून दर लढाईनंतर खेळ जतन करून ठेवण्याची शिस्त दोघांनी आपोआप अंगी बाणवली.

अशा खेळांना 'रोल प्लेइंग गेम' म्हणतात. खेळणारा एक भूमिका स्वीकारतो आणि त्या भूमिकेच्या बळावर व मर्यादांवर प्रवास करतो. या प्रकाराचे मूळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागद, पेन्सिल आणि फाशांच्या अमेरिकन खेळात आहे. १९७४ मध्ये तो प्रथम निघाला तेव्हा त्यात तीनच पात्रवर्ग होते: लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. चोर हा चौथा वर्ग पुढच्या वर्षी आला. संगणकावरील कितीतरी खेळ या चौघांच्याच खांद्यावर उभे राहिले. २०२३ साली आलेल्या 'बाल्डर्स गेट ३' मध्ये पात्रवर्गांची संख्या बारा झाली असली, तरी मूळ चार चेहरे त्यांत सहज ओळखू येतात.

या चौघांची तुलना व्यापारी घरातील माणसाला चटकन उमगावी अशी आहे. जुन्या नियमांनुसार पहिल्या पायरीवर लढवय्याला कमाल १० प्राणांक मिळत, धर्मोपदेशकाला ८, चोराला ६ आणि मांत्रिकाला अवघे ४. म्हणजे मांत्रिक दोन घावांत संपणार. त्याला चिलखत घालता येत नाही, आणि सुरुवातीला दिवसाकाठी एखादाच मंत्र. तो वापरला की झोप घेईपर्यंत हात रिकामे. शिवाय त्याची बढतीही महाग. दुसऱ्या पायरीसाठी चोराला १,२५० अनुभवांक पुरतात, धर्मोपदेशकाला १,५००, लढवय्याला २,०००. मांत्रिकाला २,५०० लागतात. ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्यालाच सर्वांत जास्त मोजावे लागते. पण २० हजार अनुभवांकांना तोच मांत्रिक पाचव्या पायरीवर पोहोचतो, अग्निगोलकाचा मंत्र शिकतो आणि एका क्षणात अख्खी टोळी निकालात काढतो. लढवय्या म्हणजे रोखीचा धंदा. रोज थोडे, पण नक्की. मांत्रिक म्हणजे दीर्घ मुदतीची ठेव. मुदतीपूर्वी हात लावला तर पदरी काहीच नाही.

धर्मोपदेशकाचा नियम आणखी गमतीचा. त्याला धारदार शस्त्र वर्ज्य. त्याने गदेनेच लढायचे. हा नियम ऐकून थोरल्याने तेव्हा म्हटले होते, "धार टाळली म्हणून हिंसा टळत नाही." चोराचे नाव वाईट, काम मात्र मोलाचे. कुलूप उघडणे आणि वाटेवरचा सापळा ओळखणे ही त्याची विद्या. तो सोबत नसेल तर चिलखतवालाच आधी खड्ड्यात जातो. पॅलडिन नावाचा व्रतस्थ योद्धा या सर्वांहून निराळा. त्याचे विशेष सामर्थ्य त्याच्या वागणुकीवर टिकून असते. टोळीचा लौकिक फार घसरला की त्याचे अधिकार जातात आणि उरतो तो साधा लढवय्या. एकूण पाहता, प्रत्येक वर्ग त्याला जे जमते त्याने जितका ओळखला जातो, तितकाच त्याने जे सोडले त्यानेही ओळखला जातो. सर्व काही करू शकणारा कोणी नसतो, म्हणून सहा जणांची टोळी लागते.

धाकटा नेहमी मांत्रिक निवडी. खेळाच्या आरंभी गुणांचे आकडे फाशाने पडतात आणि मनासारखे येईपर्यंत फासे पुन्हा पुन्हा टाकता येतात. तो तासभर फासे टाकीत बसे. थोरला जांभई देत म्हणे, "आले ते घे आणि चालू लाग. आम्ही काय केले?" हे वाक्य त्या काळी धाकट्याला थट्टा वाटली होती.

थोरल्याने माऊस कधी हाती घेतला नाही. त्याने स्वतःकडे एकच काम घेतले होते: पोतडी. या खेळात प्रत्येकाच्या झोळीत १६ खण असतात आणि ताकदीप्रमाणे वजनाची मर्यादा असते. ती ओलांडली की पात्राची चाल मंदावते, आणि फारच ओलांडली की ते जागचे हलत नाही. कोणी काय उचलायचे, काय टाकून द्यायचे, कोणता माल कुठे विकायचा, हे थोरला सांगे आणि वहीत उतरवून ठेवी. एकाच दुकानात एकाच प्रकारचा माल विकत गेले तर भाव उतरतो, हे त्यानेच आधी हेरले. "हंगामात सारे सोयाबीन एकाच दिवशी बाजारात आले तर काय होते? तेच हे." टोळीचा लौकिक वाढला की दुकानदार माल स्वस्त देतो, हे कळल्यावर तर तो खूश झाला. "म्हणजे यांच्याकडेही पत आहे!" मात्र पडद्यावरच्या दुकानदाराविषयी त्याचे मत कधीच चांगले झाले नाही. ना तो उधारी देई, ना भाव करू देई, ना गिऱ्हाइकाच्या घरचे विचारी. "असे दुकान नेरात आठ दिवस चालणार नाही," हा त्याचा निर्णय होता.

एका रात्री त्याने विचारले होते, "यात वाणी कोणाला होता येत नाही का?"

"दुकानदार असतो ना, दादा."

"तो असतो. पण खेळणाऱ्याला होता येतो का?"

"नाही," धाकटा म्हणाला आणि पुढच्या लढाईकडे वळला.

सव्वीस वर्षांनी, धनत्रयोदशीच्या दिवशी, धाकटा पत्नी व मुलीसह पुण्याहून आला. ती वही पाहून तो हरखून गेला. जुना खेळ २०१२ पासून सुधारित रूपात मिळतो. तो मुलीच्या लॅपटॉपवर होताच. रात्री जेवणे आटोपल्यावर दोघे भाऊ पुन्हा शेजारी बसले. वहीतील भाव आणि पडद्यावरचे भाव पडताळून पाहताना वहिनी कौतुकाने हसत होत्या.

परंतु धाकटा येताना आणखी एक कागद घेऊन आला होता. दुकान बंद करून रस्त्यालगतची जागा भाड्याने द्यावी, असा त्याचा प्रस्ताव होता. पाकीटबंद मालाची मोठी दुकाने आता तालुक्याच्या गावीही आली आहेत. थोरल्याचा मुलगा हैदराबादला नोकरीत रमला आहे, तो परतणार नाही. थोरल्याचे गुडघे दुखतात. घरबसल्या किती भाडे येईल, उधारीत किती अडकले आहे, याचा व्यवस्थित तक्ता त्याने केला होता. तक्त्यात आकड्याची चूक नव्हती. थोरल्याने तो दोनदा वाचला, घडी घालून गल्ल्यात ठेवला आणि "बघू" म्हणाला. ज्यांनी व्यापारी घरांत आयुष्य काढले आहे त्यांना ठाऊक आहे, की 'बघू' या शब्दाचे किती अर्थ होतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक कमी असताना पुतणी गादीशेजारी येऊन बसली. वहीची कथा तिने ऐकली होती.

"मोठे बाबा, वाणी होता येतो असा एक खेळ आहे. तुम्हांला सांगू?"

तिने सांगितले ते असे. 'ड्रॅगन क्वेस्ट ३' हा जपानी खेळ १९८८ चा. २०२४ मध्ये तो नव्या रूपात आला. त्यात लढवय्या, मांत्रिक, धर्मोपदेशक यांच्या पंक्तीत व्यापारी हाही एक वर्ग आहे. लढाईत तो मध्यम. पण लढाई संपल्यावर त्याला थोडे जास्त सोने मिळते आणि कोणत्याही वस्तूची पारख तो करू शकतो. त्याच मालिकेच्या १९९० मधील चौथ्या भागात तर एक अख्खे प्रकरण एका शस्त्रविक्रेत्याचे आहे. तो दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करीत करीत स्वतःचे दुकान थाटतो आणि तो प्रवासाला गेला की बायको गल्ला सांभाळते.

"शस्त्रांचा व्यापार आपल्याकडे कोणी करत नाही," थोरले म्हणाले. "पण बायको गल्ला सांभाळते, हे खरे आहे."

"तिसऱ्या भागातल्या व्यापाऱ्याचे पुढे ऐका. वाटेत एका ओसाड जागी एक म्हातारा भेटतो. त्याला गाव वसवायचे असते, आणि गाव वसवायला व्यापारी हवा असतो. मग आपल्या टोळीतला व्यापारी तिथे ठेवून यावा लागतो."

"कायमचा?"

"हो. मग आपण आपल्या मोहिमेवर जातो. मध्ये मध्ये तिकडे गेले की गाव वाढलेले दिसते. आधी एक दुकान, मग रस्ते, मग मोठी वस्ती. व्यापारी फार राबतो, लोकांनाही फार राबवतो. शेवटी गावकरी चिडतात आणि त्यालाच तुरुंगात टाकतात. आपण भेटायला गेलो की तो सांगतो, माझ्या आसनामागे बघ. तिथे एक गोलक असतो. आपली मोहीम पुरी व्हायला तोच लागतो."

थोरले काही वेळ तराजूच्या काट्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "मधल्या काळात त्याला भेटायला कोणी जाते का ग?"

"गोष्ट पुढे सरकवायची असेल तेव्हा जातात," पुतणी सहज म्हणाली.

मागच्या दाराशी धाकटा उभा होता. त्याने हे ऐकले. दर दिवाळीला तो येई, दोन दिवस राही आणि जाताना काहीतरी घेऊन जाई: शिक्षणाचा खर्च, पुण्यातील घरासाठी लागलेली पहिली रक्कम, आईच्या हातचे लोणचे, आणि आई गेल्यानंतर वहिनींच्या हातचे. या वेळी तो दुकानाचा निकाल घेऊन आला होता. तो आत न येता परत वळला.

त्या रात्री त्याने बाल्डर्स गेट लावला नाही. त्याने थोरल्यासमोर 'अल्टिमा ४' ठेवला. रिचर्ड गॅरियट या अमेरिकन रचनाकाराचा हा १९८५ चा खेळ आता विनामूल्य मिळतो. चित्रे अगदी ठोकळ्यांसारखी, पण कल्पना वेगळी. यात शेवटी मारायचा कोणी महाराक्षस नाही. सचोटी, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि विनम्रता या आठ गुणांत खेळणाऱ्याने स्वतःला घडवायचे, हीच मोहीम. जैन परंपरेतील ज्ञानबाजीचे ८४ घरांचे पट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना खेळातून आचरण शिकविण्याची ही रीत परकी वाटू नये. पटावर मात्र चढणे-उतरणे कवड्यांच्या वा फाशाच्या दानावर असते. येथे ते खेळणाऱ्याच्या कृतीवर ठरते. भिकाऱ्याला दान दिले, पळणाऱ्या निरुपद्रवी प्राण्याला जाऊ दिले, की त्याची नोंद आत कुठेतरी होते.

आणि या खेळात पात्रवर्ग निवडायचा नसतो. सुरुवातीला एक भविष्यवेत्ती सात प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन गुण समोरासमोर. एक निवडायचा, दुसरा बाद. जो गुण शेवटी उरतो त्यावरून तुमचा वर्ग ठरतो. शौर्य उरले तर लढवय्या, करुणा उरली तर भाट, त्याग उरला तर कारागीर, विनम्रता उरली तर मेंढपाळ.

पुतणी प्रश्न मराठीत सांगू लागली. "कोणीतरी तुमच्या हाती सोन्याची न मोजलेली थैली पोहोचवायला दिली आहे. वाटेत भिकारी भेटतो. थैली जशीच्या तशी पोहोचवाल, की त्यातले एक नाणे त्याला द्याल?"

"थैली पोहोचवायची," थोरले क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "दान आपल्या खिशातून करावे. दुसऱ्याच्या थैलीतून करू नये."

"आपल्या खिशातून द्यायचा पर्याय यात नाही, मोठे बाबा."

"मग खेळात चूक आहे. पण थैलीला हात लावायचा नाही."

सातही प्रश्न झाले. धाकट्याने मनाशी अंदाज बांधला होता: त्याग. ज्या माणसाने कॉलेज सोडून भावाला शिकविले, त्याचे दुसरे काय येणार? पण निकाल आला तो सचोटीचा. आणि सचोटीचा वर्ग, या खेळाच्या नियमाप्रमाणे, मांत्रिक.

धाकटा मोठ्याने हसला. मग त्याचे हसू ओसरले. सव्वीस वर्षे आपण ज्या वर्गाला स्वतःचा समजत होतो, तो प्रश्नांच्या वाटेने दादाकडे गेला होता. आणि आपण दादासाठी जो गुण गृहीत धरला होता, तो बहुधा आपल्याच सोयीचा होता. दुसऱ्याला 'त्यागी' म्हटले की त्याला काही विचारण्याची जबाबदारी उरत नाही.

थोरल्यांनी प्रथमच कळफलक हाती घेतला. फिरत फिरत ते मंत्रसामग्रीच्या दुकानात शिरले. गंधकाची राख, जिनसेंग, कोळ्याचे रेशीम आणि लसूण अशी तेथे यादी होती. लसणावरून त्यांनी पुतणीकडे पाहिले. "ते राहू दे," म्हणत त्यांनी राख निवडली. विक्रेती आंधळी होती. तिने एकूण किंमत सांगितली आणि पडद्यावर प्रश्न आला: किती देता?

"यात जितके लिहाल तितके ती घेते," पुतणी कुजबुजली. "तिला दिसत नाही. कमी दिले तरी माल मिळतो."

थोरल्यांनी पूर्ण रक्कम लिहिली. त्यांच्यापुरता त्यात विचार करण्यासारखे काही नव्हते. ते पुढे निघालेही. धाकटा मात्र त्या ओळीकडे पाहत राहिला. लहानपणी त्याने याच दुकानात एका नजर गेलेल्या म्हाताऱ्या आजींना तूरडाळ घेताना पाहिले होते. त्या पदराची गाठ सोडून सारी चिल्लर गल्ल्यावर ठेवीत आणि म्हणत, "घे रे बाबा किती झाले ते." दादा नाणी मोजून घेई, उरलेली त्यांच्या मुठीत ठेवी आणि किती उरली ते मोठ्याने सांगे. त्या खेळाच्या रचनाकाराला जी कसोटी मुद्दाम रचावी लागली, ती या गल्ल्यावर रोज होत होती, आणि तिचे गुण कोणत्याही खतावणीत मांडले जात नव्हते. धाकट्याच्या तक्त्यातही तो रकाना नव्हता.

"दादा," तो म्हणाला, "तो कागद परत दे. मी ठरवून आलो होतो. विचारायला हवे होते. तुला काय करायचे आहे?"

थोरले लगेच बोलले नाहीत. १९९३ साली जो प्रश्न यायला हवा होता, तो समोर आल्यावर उत्तराची सवयच नव्हती.

"कागदातले आकडे बरोबर आहेत," ते सावकाश म्हणाले. "गुडघेही दुखतात. पण उधारी आहे ती माणसांत आहे. कापूस निघेल, तूर निघेल, तोवर दुकान उघडे राहिले पाहिजे. नाहीतर पैसे बुडतील आणि माणसे लाजतील. वसुली झाली की मीच सांगेन काय करायचे ते. आणि त्यानंतर," ते जरा थांबले, "बी.कॉम.ची दोन वर्षे राहिली आहेत. आता घरबसल्या करता येतात म्हणे."

वहिनींनी चमकून पाहिले. बत्तीस वर्षांत ही गोष्ट त्यांनीही ऐकली नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटले. धाकट्याने पुण्याला परतायचा दिवस दोन दिवसांनी पुढे ढकलला आणि ते दोन दिवस तो उधारीच्या याद्या लावीत गादीवर बसला. बरीचशी नावे त्याला आठवत नव्हती; थोरले प्रत्येक नावासोबत त्या घरचे शेत, विहीर आणि मुलाबाळांची हकीकत सांगत होते. १९९९ ची वही पुन्हा लोखंडी पेटीत गेली. ठेवण्यापूर्वी पुतणीने तिच्या शेवटच्या पानावर शिल्लक तपासली. सहा जणांच्या पोतडीचा हिशेब पैशापर्यंत जुळत होता.